चार डिस्क वाया घालवून शिकलेलं सॉफ्टवेअर: डीव्हीडीस्टायलर

आधीच सांगते, "आता डिस्क कोण बघतं" वाल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. माझ्या आत्याच्या टीव्हीखाली एक डीव्हीडी प्लेअर आहे, त्याला ना नेट ना यूएसबी, आणि आमच्या ग्रुपच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिला त्याच्यावरच बघायचंय, लिंक पाठवते म्हटलं तर म्हणाली "लिंक नको गं, मला हातात दे". आता आत्या म्हणाली म्हणजे विषय संपला.

कार्यक्रम ९२ मिनिटांचा. दोन कॅमेरे, १०८० मध्ये ५० फ्रेम्सने शूट केलेलं, आवाज मिक्सरवरून वेगळा घेतलेला. एडिटिंगला तीन आठवडे रात्री बसले आणि कॉम्प्युटरवर ते इतकं सुंदर दिसत होतं की मला वाटलं आता काय, एक्सपोर्ट करायचं आणि डिस्क टाकायची, तासाभराचं काम. तासाभराचं काम नव्हतं ते.

पहिली डिस्क मी एका पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरने केली, नाव घेत नाही, पण ते "एका क्लिकमध्ये" टाइपचं होतं. एडिटरमधून एमपीफोर काढली, त्याच्यात टाकली, क्लिक केलं, डिस्क आली. टीव्हीवर लावली आणि माझा चेहराच पडला. स्टेजवरच्या निळ्या उजेडात चौकोन चौकोन दिसतायत, मागचा काळा पडदा राखाडी झालाय, गायिकेचा लाल शालू भलत्याच लाल रंगाचा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती हळू आवाजात सुरुवात करते तिथे आवाज आपोआप वर येतो आणि मग पूर्ण साथ सुरू झाली की दबतो, म्हणजे कोणीतरी रिमोट घेऊन बसल्यासारखं.

याची कारणं शोधताना जे कळलं ते आधी सांगते, नाहीतर सॉफ्टवेअर का आवडलं ते कळणार नाही.

साध्या डीव्हीडीत व्हिडिओ जवळपास नेहमी एमपेग-२ मध्येच असतो, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची एक जुनी पद्धत, पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम्स, एनटीएससी (अमेरिका-जपानची) असेल तर ७२० बाय ४८० आणि २९.९७. फॉरमॅट १९९६ चा आहे, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणजे तुमचं १०८० तिथे जाणारच नाही, एवढी क्वालिटी तर जाणारच, तिचं दुःख करू नका. दुःख करायचं ते फुकट गेलेल्या क्वालिटीचं. मी काय केलं होतं बघा, एडिटरने एमपीफोर करताना एकदा दाबलं, मग त्या सॉफ्टवेअरने तेच दाबलेलं उघडून परत एमपेग-२ मध्ये दाबलं, वर स्वतःच्या मनाने लहान केलं, स्वतःच्या मनाने रंग बदलले. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. अंधारं स्टेज, धूर, रंगीत लाइट हे एमपेग-२ ला मुळात जड जातं, त्यात आधीचे चौकोन आयते मिळाले की तो बिचारा तेच इमानदारीने जपत बसतो.

म्हणून डिस्क बनवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या फाइलला हात लावू नकोस. मी बाहेर एकदाच, नीट, माझ्या हिशोबाने एमपेग-२ करून आणते, तू फक्त मेनू लाव, चॅप्टर लाव, डिस्कचा साचा बनव आणि बाजूला हो. ऐकायला साधी मागणी आहे पण मी वापरून बघितलेल्या दोन "प्रोफेशनल" म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरनी ती धुडकावली, अगदी नियमात बसणारी फाइल दिली तरी त्यांना ती परत एन्कोड करायचीच, म्हणजे दाबायचीच, होती.

डीव्हीडीस्टायलर ही मागणी मान्य करतं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. दिसायला? जुनं दिसतं. पहिल्यांदा उघडल्यावर मला दहा-पंधरा वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं, ते मेनूचे तयार नमुने तर बघूच नका, मी साधा काळा बॅकग्राउंड घेतला आणि त्यावर तीन बटणं ठेवली. नवीन प्रोजेक्ट उघडताना ते डिस्कची साइज, पाल की एनटीएससी, ४:३ की १६:९, ऑडिओ कुठला असं विचारतं, इथे घाईघाईत ओके करू नका, इथे ४:३ राहिलं तर सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतात. माझी दुसरी डिस्क तशीच गेली. सगळे एकदम डाएट केल्यासारखे.

फाइल आत टाकल्यावर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जायचं आणि व्हिडिओ फॉरमॅटच्या जागी "कॉपी" निवडायचं, ऑडिओलाही तसंच. बास, हेच ते. यानंतर ते तुमच्या चित्राला आणि आवाजाला हात लावत नाही, नुसतं उचलून डिस्कच्या साच्यात ठेवतं. कळतं कसं? वेळेवरून. आधीचं सॉफ्टवेअर तासभर घुरघुरत बसायचं, हे काही मिनिटांत मोकळं झालं, मला तर आधी वाटलं काहीतरी चुकलंय.

अट एवढीच की फाइल खरोखर डीव्हीडीच्या नियमात बसणारी हवी, नाहीतर कॉपी करूनही प्लेअर रुसतो. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), सगळं मिळून १०.०८, आणि ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने. हा शेवटचा मुद्दा गाण्यावाल्यांनी नीट वाचा, सीडीवरून किंवा म्युझिक सॉफ्टवेअरमधून आलेला आवाज बऱ्याचदा ४४.१ चा असतो, तो डीव्हीडी व्हिडिओत चालत नाही, आणि मग कुठलं तरी सॉफ्टवेअर गुपचूप तो बदलतं, बरा बदलतं की वाईट ते त्याचं नशीब. त्यापेक्षा टाइमलाइन मुळातच ४८ ची ठेवा.

आता बिटरेटचं गणित, हे मी कागदावर केलं आणि सगळ्यांनी एकदा करावं असं माझं मत आहे. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर त्यालाच ४.३८ दाखवतो, कारण एक जण हजाराने भागतो आणि दुसरा १०२४ ने, फसवणूक नाहीये ती. ४.७ जीबी म्हणजे साधारण ३७,६०० मेगाबिट. ९२ मिनिटं म्हणजे ५५२० सेकंद. भागलं की ६.८ एमबीपीएस येतात, चित्र आवाज सगळं धरून. आवाज दाब न देता, पीसीएममध्ये, स्टिरिओ ठेवला तर एकटाच १.५ एमबीपीएस खातो, मग चित्राला जेमतेम ५ उरतात. डॉल्बीचा एसी-३, म्हणजे दाबलेला आवाज, घेतला ४४८ केबीपीएसचा, तर चित्राला ६ मिळतात आणि थोडी जागाही शिल्लक राहते.

इथे मी दोन दिवस अडकले होते खरं सांगायचं तर. गाण्याचा कार्यक्रम आहे, आवाज दाबायचा म्हणजे पाप वाटत होतं. मग दोन्ही करून बघितलं, तीच तीन मिनिटं, एकदा पीसीएम आणि ५ चा व्हिडिओ, एकदा एसी-३ आणि ६ चा व्हिडिओ. आत्याच्या टीव्हीच्या स्पीकरवर आवाजातला फरक मला ऐकू आला नाही, चांगल्या हेडफोनवरही आधी माहीत असल्याशिवाय सांगता आलं नसतं. चित्रातला फरक मात्र निळ्या धुरात लांबूनही दिसत होता. एसी-३ घेतला. आणि स्टिरिओला ४४८ हे भरपूर झालं, बऱ्याच डिस्कवर १९२ असतो.

पण त्या एसी-३ मध्येच ती रिमोटवाली भानगड होती! एसी-३ च्या एन्कोडरमध्ये दोन सेटिंग असतात, एक डायलॉग नॉर्मलायझेशन म्हणजे प्लेअरला सांगायचं की हा आवाज सरासरी किती मोठा आहे, आणि दुसरं डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन. पुष्कळ ठिकाणी पहिलं आधीपासून उणे २७ वर आणि दुसरं सिनेमाच्या प्रोफाइलवर ठेवलेलं असतं. उणे २७ असलं की प्लेअर आवाज ४ डेसिबल खाली आणतो, आणि सिनेमाचं प्रोफाइल चालू असलं की हळू भाग वर आणि मोठा भाग खाली. सिनेमात ते ठीक, रात्री घरात बॉम्बस्फोट झाले तर शेजारी उठतात. गाण्यात त्याने जीवच जातो. मी पहिलं उणे ३१ केलं, दुसरं पूर्ण बंद. तीच फाइल, तोच बिटरेट, आणि ती हळू सुरुवात परत हळू झाली. मला इतका आनंद झाला की मी ती चाळीस सेकंद पाच-सहा वेळा ऐकली.

चित्राचं एन्कोडिंग मी एफएफएमपेगने, म्हणजे कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरने, केलं, कमांड लिहायची भीती असेल त्यांना डीव्हीडीस्टायलरचं आतलं एन्कोडिंगही आहे, ते आतून एफएफएमपेगच वापरतं, घरच्या साध्या व्हिडिओला ते पुरतं. मला दोन पासचं हवं होतं, म्हणजे पहिल्या फेरीत ते नुसतं बघून घेतं कुठे अवघड आहे आणि दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतं, पडदा पडलेला असताना उगाच उधळत नाही. गंमत म्हणजे एफएफएमपेगमध्ये पाल डीव्हीडीचं जे तयार टार्गेट आहे त्यात व्हिडिओ ६००० आणि ऑडिओ ४४८ केबीपीएसच ठरलेला आहे, म्हणजे दोन दिवस कागद काळे करून मी तिथेच पोचले जिथे ते आधीच बसलेले होते.

एडिटरमधून मात्र आता एमपीफोर काढत नाही. डीएनएक्सएचडी किंवा प्रोरेसमध्ये काढते, हे एडिटिंगचे हलकेच दाबणारे फॉरमॅट, डीएनएक्सएचडी १८५ एमबीपीएसचं घेतलं तर ९२ मिनिटांची फाइल जवळपास १२८ जीबी होते, हार्ड डिस्क रडते, पण ती तात्पुरती असते, डिस्क झाली की उडवा. त्यातून थेट एमपेग-२. जोरात दाबणं एकदाच होतं. काळा पडदा राखाडी का झाला होता तेही इथेच सापडलं, व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ धरतात, कॉम्प्युटरच्या चित्रात ० ते २५५, आणि वाटेत कोणीतरी एकाला दुसरं समजलं की काळा फिका पडतो नाहीतर पांढरा जळतो. शालूचं कारण वेगळं, एचडीचे रंग ७०९ नावाच्या मानकाच्या हिशोबाने असतात आणि साध्या डीव्हीडीचे ६०१ च्या, मधे रूपांतर व्हायला हवं, त्या एका क्लिकवाल्याने ते केलंच नव्हतं.

तिसरी डिस्क. ही माझी चूक, सॉफ्टवेअरची नाही. ५० फ्रेम्सचं शूट होतं म्हणून मी हौसेने इंटरलेस्ड केलं, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड (एक सोडून एक ओळींचं अर्धं अर्धं चित्र), हालचाल एकदम मऊ दिसते, हार्मोनियमवरची बोटं वगैरे. कॉम्प्युटरवर मस्त. आत्याकडे लावली, दोन मिनिटं झाली आणि आत्या म्हणते, "अगं चित्र छान आहे, पण सगळ्यांचे हात असे थरथरतायत का गं? थंडी होती का?" फील्डचा क्रम उलटा लागला होता. वरची ओळ आधी की खालची, फाइलमध्ये खरं एक आणि लिहिलेलं दुसरं, मग हललेली प्रत्येक गोष्ट एक पाऊल पुढे दोन पावलं मागे करते, स्थिर असलेलं सगळं ठीक दिसतं. माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरने ते फील्ड आपसात मिसळून दाखवलं त्यामुळे पत्ताच लागला नाही. तेव्हापासून टीव्हीवर बघितल्याशिवाय काहीही फायनल म्हणत नाही, आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत वापरायची डिस्क, आणून ठेवलीय टेस्टसाठी. ती आधीच आणली असती तर हे शीर्षक वेगळं असतं.

ज्यांचं शूट ३० फ्रेम्सचं आहे, फोनचं बहुतेक असतंच, त्यांनी ते ओढूनताणून पालच्या २५ मध्ये बसवू नका, मधल्या फ्रेम गाळल्या जातात आणि कॅमेरा फिरवलेला प्रत्येक शॉट ठेचकाळत जातो. सरळ एनटीएससी डिस्क बनवा, पालवाले बहुतेक प्लेअर ती चालवतात.

डिस्क लिहायचं काम मी डीव्हीडीस्टायलरकडे देत नाही, ते देता येतं पण मी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवून घेते आणि इमगबर्नने लिहिते. इमगबर्न फक्त विंडोजसाठी आहे, त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, आणि तरी अजून त्याच्याइतका माझा विश्वास दुसऱ्यावर नाही. लिहून झाल्यावर व्हेरिफाय करायची टिक असते, ती काढू नका, चौथी डिस्क मी काढली होती. स्वस्तातली, कंपनीचं नाव न ऐकलेली, सुसाट १६ एक्सवर, म्हणजे १६ पट वेगाने, लिहिलेली, आणि ८० व्या मिनिटाला गाण्याच्या ऐन भरात अडकली. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग एकदम कडेला येतो, आणि डिस्क खराब असेल तर ती कडेलाच आधी खराब असते. आता चांगली डीव्हीडी-आर, ८ एक्स, आणि काठोकाठ भरत नाही. एकदम १ एक्सवर लिहिलं की भारी होतं असं काही जण सांगतात, ते हल्लीच्या डिस्कना लागू नाही, त्या तेवढ्या हळू लिहिण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

डीव्हीडीस्टायलरच्या तक्रारी? आहेत की. मेनूच्या बटणांच्या कडा दातेरी दिसतात, पण ते त्याचं पाप नाही, डीव्हीडीच्या मेनूत बटणाचा उजळणारा थर फक्त चार रंगांचा असतो, त्यामुळे बारीक नाजूक अक्षरं घेऊच नका, जाड आणि मोठी घ्या आणि कडेपासून आत ठेवा कारण जुने टीव्ही कडा कापतात. चॅप्टरच्या वेळा हाताने लिहाव्या लागल्या, १४ गाणी म्हणजे १४ वेळा, एडिटरमधले मार्कर सरळ उचलता आले असते तर जेवढा वेळ वाचला असता तेवढ्यात एक चहा झाला असता. आणि प्रोजेक्ट सेव्ह केल्यावर व्हिडिओची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका, मग शोधत बसावं लागतं.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा, ब्लू-रे होत नाही. फक्त डीव्हीडी. मामेभावाकडे ब्लू-रे प्लेअर आहे, त्याला अर्थातच "मला एचडीच पाहिजे", त्याच्यासाठी टीएसमक्सर वापरलं. तेही फुकट, आणि त्याच जातीचं, एच.२६४ (एमपेग-२ नंतरची दाबायची पद्धत) ची नियमात बसणारी फाइल द्या, हात न लावता ब्लू-रेचा साचा बनवून देतं. मेनू नाही, डिस्क टाकली की थेट सुरू. ब्लू-रेवर चित्र ४० एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतं, मी ३० ठेवलं, ९२ मिनिटांचे २०.७ जीबी झाले, पीसीएम आवाज आणखी एक जीबीच्या आसपास, २५ जीबीच्या डिस्कवर आरामात मावलं. तिथे आवाजाचं ते दोन दिवसांचं भांडणच नाही, दाबायचाच नाही. एक खड्डा आहे, १०८० चं ५० प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सेकंदाला ५० अख्ख्या फ्रेम्स, ब्लू-रेच्या नियमात नाही, एकतर १०८० इंटरलेस्ड करा नाहीतर ७२० चं ५० प्रोग्रेसिव्ह, हे मला आधी माहीत होतं म्हणून ही एक डिस्क तरी पहिल्या फटक्यात झाली. एच.२६४ ची लेव्हल ४.१ ठेवायची, एक्स२६४ या एन्कोडरमध्ये ब्लू-रेसाठीचा पर्यायच आहे तो लावायचा. फोर-के डिस्कचा नाद मी तरी सोडलाय.

काही जण साध्या डीव्हीडीवरच एव्हीसीएचडी लिहितात, म्हणजे ब्लू-रेचा साचा पण डिस्क डीव्हीडीची. १६ एमबीपीएस धरले तर जेमतेम ३९ मिनिटं मावतात, चालते ती काही ब्लू-रे प्लेअरवरच, साध्या डीव्हीडी प्लेअरवर नाही. छोट्या व्हिडिओला ठीक.

डीव्हीडीस्टायलरला पाचपैकी चार. एक तारा त्या दिसण्याचा आणि हाताने लिहिलेल्या १४ वेळांचा कापला. शिकायला एक संध्याकाळ पुरते, मला लागलेले तीन आठवडे बाकीच्या भानगडींचे.

आत्याची डिस्क पोचली. शालूचा लाल आता लाल आहे, हात थरथरत नाहीत. तिने त्यावर नावाचं गोल कागदी स्टिकर चिकटवायला काढलं होतं, ते मी हातातून काढून घेतलं, कागद जरा तिरका बसला की डिस्क फिरताना डुगडुगते आणि पुढे गोंद सुटून प्लेअरमध्ये अडकतो तो वेगळाच, तर मऊ टोकाच्या सीडी मार्करने लिहिलं, तारीख आणि कार्यक्रमाचं नाव. आता तिला अजून तीन प्रती हव्यात. आयएसओ ठेवलीय म्हणून बरं.